शहाण्णव नग

आमचे हे भोसरीचे. चिंचवडच्या एका कारखान्यात लेथवर होते. रात्रपाळी त्यांना मुळीच सोसायची नाही. दिवसा तापल्या पत्र्याखाली झोप कसली लागते! डोळे कायम तांबारलेले, अन्न अंगी लागत नव्हतं. सुपरवायझरची लेखी परीक्षा पास झाले तर कायमची दिवसपाळी मिळणार होती. पण परीक्षेत बीजगणित, आणि घरात मॅट्रिक झालेली मी एकटी.

म्हणून रोज दिवेलागणीला मी पाटी घेऊन बसायचे. पहिल्या तासात काही नग झाले, दुसऱ्या तासात तीन जास्त, दोन्ही मिळून सत्तावीस. तर पहिल्या तासात किती?

"क्ष धरा," मी म्हणायचे.

"धरायचं कशाला? बारा झाले की!"

अहो, पायऱ्यांना गुण असतात! क्ष अधिक क्ष अधिक तीन बरोबर सत्तावीस. दोन क्ष बरोबर चोवीस. क्ष बरोबर बारा. एक पायरी लिहिली की हे दुसरी गिळायचे. वर वाद घालायचे, "दुसऱ्या तासाला तीन जास्त कसे? तवर हत्यार बोथट हुतंय न्हवं?" डोकं आपटून घ्यावंसं वाटायचं मला.

परीक्षेला नेमकं तेच गणित आलं. घरी आल्या आल्या मी एकेक पायरी वदवून घेतली. सगळ्या बरोबर! मी खूश. शेवटी विचारलं होतं, पहिल्या तासाच्याच वेगाने आठ तासांत किती नग होतील?

"सत्तर लिहिले," हे म्हणाले.

"सत्तर? अहो, बारा आठे शहाण्णव!"

"कंपनीच्या कागदावर शहाण्णव लिहून देऊ व्हय? उद्या त्योच कोटा आमच्या बोकांडी बसवतील."

घड्याळ घेऊन साहेब नग मोजायला उभा राहिला की सगळे मुद्दाम मशीन हळू चालवायचे, हे मला ठाऊक होतं. पण परीक्षेत? शिकवून शिकवून माझ्या तोंडाला फेस आला होता, आणि या माणसाने तिथेही हात आखडता घेतला!

हे थोडक्यात नापास झाले. निकालाच्या दिवशी मी आदळआपट करत डबा भरला. चपला घालता घालता हे हळूच म्हणाले, "अगं, शहाण्णव आलं व्हतं मला."

"तेच तर!" मी ओरडले आणि मला रडूच फुटलं. हे दारात जरा घुटमळले, मग डबा उचलून रात्रपाळीला गेले.