वरचं दूध

सरूला पहिला संशय आला तो कढीवरून.

त्या दिवशी चिकलठाण्याच्या एमआयडीसीतली पाळी सुटल्यावर ती नेहमीसारखी मुकुंदवाडीला चालत आली होती. दारात पाय ठेवला की आधी झोळीतल्या लेकराला उचलायचं, चपला मग काढायच्या, अशी तिची रीत. सांजच्याला नवरा, बन्सी, जेवायला बसला. भुरका मारून म्हणाला, "आज कढी झ्याक झालीया."

सरूचा घास हातातच राहिला. कढीला ताक लागतं, ताकाला दही लागतं, दह्याला दूध. घरात दूध येत होतं ते एवढुसं, सकाळी गवळी घालून जायचा तेवढंच. ते लेकराचं, किसनाचं. मोठ्यांचा चहासुद्धा कोरा व्हायचा.

"आत्याबाई, ताक कुठून आलं?"

"शेजारून आणलं," तिची सासू दगडाबाई तव्यावरची नजर न काढता म्हणाली.

ओळीत सात-आठ खोल्या. कुणाच्या दारात गाय नव्हती की म्हैस नव्हती. सरूला पुढचा घास काही गोड लागला नाही.

सरू फुलंब्रीकडची. बहात्तरच्या दुष्काळात लहान वयात खडी फोडायला गेलेली, त्यामुळं कामाला कधी भ्यायली नाही. लग्न होऊन औरंगाबादेत आली तेव्हा बन्सी मोंढ्यात हमाली करायचा. सरूला औषधाच्या एका कंपनीत काम लागलं. बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, खोक्यात रचायच्या. सावलीतलं काम, डोक्यावर पंखा. गावाकडं सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं नाही. मग रामकिसन झाला. घरात त्याला सगळे किसनाच म्हणायचे.

बाळंतपणाची रजा होती तोवर सगळं सुखात चाललं. पोरगं अंगावर पीत होतं आणि सरूचा पदर सुकत नव्हता. एका बाजूला पाजावं तर दुसऱ्या बाजूनं धार लागायची. रजा संपल्यावर मात्र हजर व्हावं लागलं, नाहीतर नाव कमी झालं असतं. सकाळी पोटभर पाजून निघायचं, संध्याकाळी येऊन पाजायचं. मधल्या वेळात दगडाबाईनं गाईच्या दुधात पाणी घालून, उकळून, वाटीचमच्यानं पाजायचं, असं ठरलं.

पहिल्या दिवसांत कंपनीत सरूचे हाल झाले. चहाच्या सुट्टीपर्यंत छाती दगडासारखी टणक व्हायची. बायकांच्या मोरीत जाऊन ती भिंतीकडं तोंड करून दूध पिळून टाकायची. लेकराच्या तोंडचं गटारात चाललेलं बघून डोळ्यांत पाणी यायचं. पण पुढं पुढं तो टणकपणाच येईना. छाती मऊ राहायला लागली. पदर कोरा राहायला लागला. आणि इकडं पोरगं तर कणसासारखं भरत होतं. झबली आखूड व्हायला लागली होती. वाढत्या लेकराला किती लागतं? आपल्या अंगात किती आहे? चुलीवरच्या भांड्यात डोकावून बघता येतं, इथं बघणार कुठं?

शेजारी बसून खोकी भरणाऱ्या आशाबाईला ती एकदा म्हणाली, "आटत चाललंय वाटतं माझं."

"अळीव खा, शेपू खा," आशाबाई म्हणाली. "आणि घोर नको करू. घोरानं जास्त आटतंय."

घोर नको करू म्हटल्यानं कुणाचा घोर गेलाय? घरी दगडाबाईही बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, शेपूची भाजी ताटात वाढायची आणि वर म्हणायची, "लेकरू वाढाया लागलंय. तुझं काय पुरायचं नाय त्याला आता." सरू ते वाक्य झोपेपर्यंत मनात उलटंपालटं करायची. हिला कसं ठाऊक पुरत नाही? आणि पुरत नाही हे सांगताना हिचा चेहरा इतका निवांत कसा?

त्यात किसनाचं वागणं बदललं. आधी ती आली की तुटून पडायचा. आता संध्याकाळी दोन घोट घेतले की मान वळवायचा आणि तिच्या मंगळसूत्राशी खेळत बसायचा. दिवसभराचं उपाशी लेकरू असं करील? म्हणजे त्याचं पोट भरलेलं होतं. पण त्याचं दूध तर कढीत जात होतं. मग पोटात होतं काय?

एकदा वहीम शिरला की घरातली प्रत्येक वस्तू साक्ष द्यायला लागते. सरू सकाळी झबल्याच्या नाड्यांना सुरगाठ मारून जायची. संध्याकाळी तिथं बारीक, घट्ट निरगाठ असायची. दगडाबाईची बोटं संधिवातानं वाकडी झालेली. तिला साधी पिशवीची गाठ सुटत नव्हती. मग लेकराचं झबलं काढतंय कोण, घालतंय कोण? नळावर बायका बोलत असायच्या आणि सरू हंडा घेऊन आली की बोलणं तुटायचं. शेजारच्या जैतुनबीची सून नजमा, जी एरवी 'सरूभाभी, सरूभाभी' करत दारात यायची, ती आता तिला बघून पडद्याआड व्हायची.

आणि किसना झोपायचा फार. संध्याकाळी आली तरी डोळे जड.

सरूला खडीचं काम आठवलं. तिथं बाभळीला झोळ्या बांधलेल्या असायच्या आणि काही बाया लेकरांच्या जिभेला अफूचं बोट लावायच्या. उन्हातलं लेकरू दिवसभर हूं की चूं करत नसे. त्यातलं एक लेकरू पुढं झोळीतच निवलं. त्याची आई खडी फोडतच राहिली होती, तिला दिवस मावळल्यावर कळलं. सरूनं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं.

तेव्हापासून ती घरी आली की किसनाचं तोंड हुंगायची, पापण्या वर करून बघायची. दगडाबाई ते बघायची आणि काही बोलायची नाही. तिचं न बोलणंही सरूला लागायचं.

शेवटी ती बन्सीला म्हणाली, "अवं, आत्याबाई लेकराला काहीतरी देत्यात."

"काय देत्यात?"

"मला काय म्हाईत? ते झोपतंय लई. दुधाचं दही करत्यात. मग त्याच्या पोटात जातंय काय?"

बन्सी बिडी विझवून बाहेर बघत म्हणाला, "आईवर वहीम घेतीस व्हय? तिनं पाच लेकरं वाढवली." पण हे म्हणताना त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. मोंढ्यातला धिप्पाड गडी, खोटं बोलला की कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या त्याच्या. सरूनं त्या पाळ्या पाहिल्या. हा पण त्यातलाच.

दुसऱ्या दिवशी तिनं सुपरवायझरला पोट दुखतंय म्हणून सांगितलं आणि अर्ध्या दिवसाचा गेटपास घेतला. जालना रोडच्या कडेनं ती अर्धी चालत, अर्धी पळत आली. ऊन डोक्यावर होतं. ओळीतल्या सगळ्या खोल्या दुपारच्या सुस्तावलेल्या. सरूच्या दाराला मात्र बाहेरून कडी.

कडी काढून ती आत गेली. झोळी रिकामी. चुलीजवळ पातेल्यावर ताटली झाकलेली होती. ताटली उचलून तिनं बोट घातलं. कोमट दूध, विरजण लावलेलं. सकाळचं दूध जसंच्या तसं.

तिनं ताटली परत झाकली. तेवढ्यात भिंतीपलीकडून दगडाबाईचा हसण्याचा आवाज आला. जैतुनबीच्या खोलीतून. सरू बाहेर आली आणि हाक न मारता तिनं त्यांच्या दारातला पडदा बाजूला केला.

दगडाबाई बसली होती आणि जैतुनबी लसूण सोलत होती. भिंतीला टेकून नजमा. तिची स्वतःची पोरगी पायांवर झोपलेली, आणि तिच्या ओढणीखाली दोन पाय हवा लाथाडत होते. त्या पायांतले काळे मणी सरूनंच बांधलेले होते.

सरू पुढं झाली आणि लेकराला ओढून घेतलं. किसनाची हनुवटी दुधानं माखलेली. तोंडचा घोट तुटला म्हणून त्यानं असा आकांत मांडला की नजमाची पोरगीही जागी होऊन रडायला लागली.

"पिऊ दे त्याला आधी," दगडाबाई म्हणाली. "मग काय बोलायचं ते बोल."

सरू बोलायला तोंड उघडणार, तोच त्या रडण्यानं तिला पान्हा फुटला. आठवडेच्या आठवडे कोरा राहिलेला पदर बघता बघता भिजला. ती तिथंच जमिनीवर बसली आणि तिनं पोराला अंगाशी घेतलं. किसना हुंदके देत देत प्यायला लागला. घोटांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. नजमानं आपल्या पोरीला थोपटून निजवलं.

मग दगडाबाई सांगायला लागली. सरू कामावर जायला लागली त्या पहिल्याच आठवड्यात एका दुपारी वरचं दूध किसनाला बाधलं होतं. जुलाब, ओकाऱ्या. दवाखान्यात नेलं तर डॉक्टरनं वरचं दूध बंद करायला सांगितलं. लेकरू भुकेनं कळवळायला लागलं तेव्हा शेजारून नजमा आली आणि तिनं त्याला मांडीवर घेतलं. सरू यायच्या आत पोरगं शांत निजलं होतं.

"मला का नाय सांगितलं?"

"सांगून काय केलं असतंस? काम सोडलं असतंस, नाहीतर रडून रडून होतं तेबी आटवलं असतंस."

"आन् ते दही?"

"गवळी बंद केला असता तर तू इचारलं असतंस. आन् दूध काय उकिरड्यावर ओतू?"

जैतुनबी हातातला लसूण खाली ठेवून म्हणाली, "देख बेटी, हमारे में दूध पिलाया तो रिश्ता बनता. तुझा किसना आता आमच्या पोरीचा भाऊ झाला. म्हणून आम्ही असंच नाही पाजलं. माझ्या करीमला, नजमाच्या नवऱ्याला विचारलं, त्यानं हौ म्हटलं. तुझ्या बन्सीला विचारलं."

"सगळ्यांला इचारलं," सरू म्हणाली. "मला सोडून."

 नजमानं मान खाली घातली.

"एक सांग," सरू तिला म्हणाली. "माझं कमी पडतंय म्हणून पाजत होतीस का?"

"कमी नव्हतं, भाभी. तू घरात नव्हतीस, बस."

या बोलण्यानं सरूला बरं वाटायला हवं होतं. पण ते तिला शिवीपेक्षा जास्त लागलं. लेकराला घेऊन ती उठली आणि खोलीत येऊन दार लावून बसली.

त्यानंतर दोन दिवस ती कामावर गेली नाही. किसनाला एकटीनं पाजलं, घटकेघटकेला, तो मागेल तेव्हा. पहिल्या दिवशी पोरगं किरकिरत राहिलं, सारखं ओढत राहिलं, आणि दगडाबाई कोपऱ्यात बसून बघत राहिली. आता ही म्हणणार, बघ, पुरत नाही, याची सरू वाटच बघत होती. दगडाबाई म्हणाली ते वेगळंच.

"ओढू दे त्याला. हिरीसारखं असतंय ते. उपसा झाला तरच झिरपतंय. तू दिसभर तिकडं, उपसा नाय, मग पाझर कमीच व्हणार."

"मग तुमीच म्हणत व्हता ना पुरायचं नाय म्हणून?"

"म्हणत व्हते," दगडाबाई म्हणाली. "तुला कधीतरी कळंल, मग तू भांडशील, त्यापरीस तुझ्याच तोंडून निघावं, की आत्याबाई, दुसरं काय तरी बघा. म्हणून म्हणत व्हते."

सरूला ते खरं वाटलं आणि म्हणूनच जास्त राग आला. इतके दिवस आपली भीती या बाईनं भाजीसारखी परतत ठेवली, स्वतःच्या सोयीसाठी. त्या रागातच तिनं सांगून टाकलं, की यापुढं आपल्याला विचारल्याशिवाय लेकराच्या पोटात काही जाणार नाही, आणि त्याला नजमाकडं न्यायचं नाही. दगडाबाईनं मान हलवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सरू कामावर निघाली तेव्हा दगडाबाई म्हणाली, "दुपारच्या सुट्टीला मी आणते त्याला गेटवर."

"एवढ्या उन्हात?"

"छत्री हाय की."

आणि ती खरोखर आली. वाकड्या बोटांनी काळी छत्री धरून, किसनाला कडेवर घेऊन, जालना रोडवरच्या ट्रकांच्या धुळीतून. गेटवरच्या पुंजाराम वॉचमननं आधी अडवलं, मग सायकल स्टँडच्या पत्र्याखाली एका बाजूला बसायला जागा दिली आणि स्वतः पाठ करून उभा राहिला. सरूनं डबा सोडला नाही, आधी पोराला पाजलं. चार-आठ दिवसांत चहाच्या सुट्टीला छाती पुन्हा दाटून यायला लागली. किसना दुपारी हावरटासारखा पीत होता.

दगडाबाई सावलीत बसून पदरानं वारा घ्यायची. दोघींत बोलणं फारसं नव्हतं. सरू पाजता पाजता तिच्याकडं तिरक्या नजरेनं बघायची. सकाळपासून दुपारपर्यंतच्या वेळात ही काय करत असेल, हा प्रश्न तिच्या मनातून अजून गेला नव्हता. एकदा न राहवून तिनं विचारलंच, आणि दगडाबाई सरळ म्हणाली, "रडतंय कधी कधी. खांद्यावर घेऊन फिरते. नजमाकडं नाय नेत, तू म्हणलीस ना."

नजमाही त्यांच्या दारात येत नव्हती. नळावर समोरासमोर आल्या तर हंडे भरून आपापल्या वाटेनं जायच्या.

पावसाळ्याच्या तोंडाला दगडाबाई तापानं पडली. अंगात कणकण, उठवत नव्हतं. बन्सी पहाटेच मोंढ्यात गेलेला. सरूनं किसनाला पाजलं, सासूच्या उशाला पाण्याचा तांब्या ठेवला आणि दारात उभी राहिली. लेकराला घेऊन जावं तर काम जातं, ठेवून जावं तर कुणाकडं?

ती जैतुनबीच्या दारात गेली. या वेळी तिनं बाहेरूनच हाक मारली, "नजमा."

पडदा बाजूला झाला. सरूनं किसनाला तिच्या हातात दिलं.

"दुपारी भूक लागंल त्याला," ती म्हणाली. "पाज."

नजमानं तिच्याकडं पाहिलं. "पक्कं ना, भाभी?"

"व्हय. आता मी सांगायली."

त्या दिवशी कंपनीत सरूच्या हातून दोन बाटल्या फुटल्या. सांजच्याला ती ओळीत शिरली ती थेट जैतुनबीकडंच. किसना नजमाच्या पोरीशेजारी गोधडीवर पालथा पडला होता, लाळ गाळत. आईला बघून त्यानं हात उचलले. सरू तिथंच भिंतीला टेकून बसली, त्याला घेतलं, आणि तो पीत असताना जैतुनबीनं पुढं केलेला चहा तिनं उजव्या हातात धरला. चहा दुधाचा होता, साखर जास्त झालेली. ती सगळा प्याली.