टाकीत न बुडवलेलं पोतं

वहिनीचं काम बिनडोक, असं तीच म्हणायची. डांबराच्या प्लांटमागच्या शेडमध्ये टाकाऊ प्लास्टिक पाण्याच्या टाकीत ओतायचं. तरंगेल ते कातरून रस्त्यासाठी, बुडेल ते बाहेर. बुडणारं तापल्या खडीवर पडलं की विषारी धूर सुटतो, म्हणून एवढा खटाटोप.

ते कातरलेलं प्लास्टिक तापल्या खडीत मिसळणाऱ्या मिक्सरवर तिचा धाकटा दीर. सगळे त्याला भोंगाच म्हणत. तिथल्या खडखडाटातही त्याची "चला, लावा गाडी!" ही हाक फाटकापर्यंत जायची, तेव्हा कुठे ट्रकवाले हलायचे.

"भावजी, कानठळ्या बसल्या हो आमच्या!" वहिनी चिडवायची.

त्या दिवशी टाकीतलं पाणी बर्फासारखं होतं. बोटं सुन्न झालेली, आणि एकच पोतं उरलेलं. मेलं एका पोत्यानं काय होतंय! वहिनीनं ते कोरडंच कातरणीच्या यंत्रात रिकामं केलं. तळातून रेनकोटची निळी बाही, हमखास बुडणाऱ्यातली, आत सरकताना तिला दिसली. बटण हाताशीच होतं. पण यंत्र थांबवायचं म्हणजे सगळं उपसून पुन्हा पाण्यात हात घालणं आलं. तिनं दुसरीकडे बघितलं.

थोड्या वेळानं मिक्सरवरून धुरानं गुदमरलेल्या भावजींना उचलून आणलं. जीव वाचला, आवाज मात्र गेला. येईल की नाही, डॉक्टरही सांगेनात. वर साहेबांनी ठपका त्यांच्यावरच ठेवला, म्हणे खडी नको तितकी तापवली. वहिनी तिथेच उभी होती. ऐकून ती पुन्हा टाकीकडे वळली.

घरी तिची धाकटी जाऊ गळ्यात पडून रडली. "ताई, तुम्ही आहात म्हणून धीर आहे हो." वहिनीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

शेवटी तिनं साहेबांना सगळं सांगितलं. तिचं काम गेलं, भावजींवरचा ठपका पुसला गेला. तिथून ती तडक त्यांच्या खोलीत गेली.

"भावजी, चूक माझी. बाही दिसली होती मला. कंटाळा केला."

ते ताडकन उठले. चेहरा लालबुंद, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या. वहिनी मान खाली घालून उभी राहिली. ओरडू देत, सगळ्या गल्लीला ऐकू जाऊ दे.

भावजींनी तोंड उघडलं. नुसती हवा आली.

"ओरडा हो," ती रडतच म्हणाली, "एकदा तरी ओरडा माझ्यावर!"

त्यांनी सगळा जीव एकवटून पुन्हा तोंड उघडलं. पलीकडे भांडी घासणाऱ्या जावेला काहीच ऐकू गेलं नाही.