इस्पिकची दश्शी

बाळांनो,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्यात. "आजोबा, सतरावी पायरी!" आजोबांनी मिशीवरून हात फिरवला आणि कॅमेऱ्याबाहेर बसलेल्या माझ्याकडे बघून एक डोळा मिटला. तेव्हापासून मला चैन नाही. मी नोकरीभर मुलांच्या इंग्रजीच्या वह्या तपासल्या; एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर कधी घातले नाहीत. म्हणून आज लिहूनच टाकते. तुम्ही पाठवलेल्या त्या टॅबलेटवरच्या मेंदूच्या खेळातले गुण आजोबांचे नाहीत, माझे आहेत.

आजोबांनी मेंदूचा व्यायाम केलाच नाही, असं मात्र समजू नका. तो कसा केला ते फोनवर सांगायला गेले की ते मध्ये बोलतात, म्हणून हे पत्र.

त्यांना मेंदूचा झटका आला ती सकाळ तुम्हाला तुमच्या बाबांनी सांगितली असेल. सदऱ्याची बटणं लागेनात, आणि चमचा मागायचा तर "चप्पल दे, चप्पल दे" म्हणायला लागले. परभणीच्या दवाखान्यात आठ दिवस काढून आम्ही पेडगावला परत आलो. हातपाय ठीक होते, बोलणंही आलं, पण माणसांची आणि वस्तूंची नावं ऐन वेळी हुलकावणी द्यायची. डॉक्टर म्हणाले, "मेंदूला रोज काम द्या." मला तेवढंच हवं होतं. मी मोठ्या कागदावर वेळापत्रक आखून कपाटाच्या दाराला चिकटवलं. सकाळी सातला वार उलटे म्हणायचे. आठला ताटातल्या दहा वस्तू बघायच्या, मग वर रुमाल टाकला की आठवून सांगायच्या. दुपारी टॅबलेट.

पहिल्या दिवशी ताटात कुलूप, लिंबू, सुईदोरा, बॅटरी असं काय काय मांडलं. आजोबांनी शांतपणे बघितलं. मी रुमाल टाकला.

"सांगा बरं, काय काय होतं?"

"तुला म्हाईत हाय ना?"

"मला माहीत आहे, पण तुम्ही सांगायचं."

"मग ज्याला म्हाईत हाय त्यानं सांगावं. मी काय बालवाडीत हाय का?"

टॅबलेटचं तर चौथ्याच दिवशी संपलं. रंगीत फुगे वर जातात आणि आपण सारखे दोन फोडायचे, हे बघून ते म्हणाले, "ह्याच्यापेक्षा कापूस वेचलेला बरा, पोतं तरी भरतं." तो खेळ रोज खेळला नाही की तुमच्याकडे निरोप जातो आणि तुमचा फोन येतो. ती कटकट टळावी म्हणून मी एक दिवस फुगे फोडले. मग दुसऱ्या दिवशी. मग, खरं सांगते, मला चटकच लागली.

पण माझी खरी काळजी टॅबलेटची नव्हती. आजोबांनी पत्ते सोडले होते.

तुम्ही सुट्टीत आलात तेव्हा बघितलंच आहे, ग्रामपंचायतीजवळच्या लिंबाखाली ओट्यावर चौघांचा मेंढीकोट रोज चारला बसायचा. आजोबांचे भिडू एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. समोरच्या जोडीत तुमचे चुलत आजोबा, म्हणजे माझे चुलत दीर, आणि मेंढरं राखणारे एक गृहस्थ, जे दुपारी मेंढरं सुनेवर सोपवून यायचे. या खेळात दश्शीला मेंढी म्हणतात. चार दश्श्या असतात, आणि ज्या जोडीकडे जास्त येतील ती जिंकते. कोणतं पान पडलं आणि कोणतं उरलं हे डोक्यात ठेवणं, एवढाच सगळा खेळ. त्यात आजोबांचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं.

दवाखान्यातून आल्यावर ते एकदाच ओट्यावर गेले. डावात मध्येच हुकूम कोणता हे विसरले. कुणी हसलं नाही, पण कंडक्टरांनी हळूच सांगितलं, "चौकट हाय, मालक." आजोबा तो डाव संपवून घरी आले, चपला दाराशी नीट जोडून ठेवल्या आणि परत गेले नाहीत. चार वाजले की पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडायचे. झोपत नव्हते. माणूस असा पडून राहिला तर आहे तेही जातं, हे मला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती.

मग मी एक उद्योग केला, त्याची मला अजून लाज वाटते. त्या तिघांना स्वयंपाकघरात बोलावून चहा दिला आणि म्हटलं, "आपण आमच्या घरीच डाव मांडू. आणि भावजी, यांना थोडे दिवस जिंकू द्या."

"वहिनी, ते आपल्याला ओळखतील," दीर म्हणाले.

"सध्या कुठं काय ओळखतात ते," मी म्हणाले. हे वाक्य मी बोलले, हे तुम्हाला कळायला हवं.

तीन दिवस आमच्या ओसरीत डाव बसला. तिन्ही दिवस आजोबा जिंकले. मेंढरंवाले तर हातात हुकूम असून कापायचे नाहीत. मी आतून बघायची आणि खूश व्हायची. आजोबा मात्र जिंकूनही गप्प होत चालले होते. मला वाटलं, थकवा असेल.

चौथ्या दिवशी मी चहाचा ट्रे घेऊन दिरांच्या मागे उभी होते, म्हणून त्यांची पानं मला दिसत होती. प्रत्येकाच्या हातात तीन पानं उरली होती. नुकताच आजोबांनी इस्पिकचा राजा उतरून हात जिंकला होता. आता त्यांनी इस्पिकची दश्शी खाली ठेवली. दिरांच्या हातात इस्पिकचा एक्का होता. त्यांनी तो टाकायलाच हवा होता. रंग हातात असताना दुसरं पान टाकणं म्हणजे सरळ लबाडी. दिरांनी माझ्याकडे न बघता किलवरची छक्की टाकली.

आजोबांनी ती छक्की उचलून त्यांच्यासमोर परत ठेवली.

"इस्पिकचा एक्का टाक."

"माझ्याकडं कुठला दादा एक्का?"

"तुझ्याच हातात हाय. मगाशी मी राजा टाकला, तवा तू पंजी टाकली. कंडक्टरनं चौकट टाकली, ह्या मेंढरंवाल्यानं बदाम. म्हंजे ह्या दोघांकडलं इस्पिक सरलं. आकरा पानं पडली, बारावी ही दश्शी. एक्का काय कावळ्यानं नेला?"

मेंढरंवाले खाली बघत पटका सारखा करायला लागले.

"तीन दिस झाले तुमी मला जिकवायलात," आजोबा म्हणाले. "म्हणून मुद्दाम मेंढी सोडली. म्हटलं, बघू तरी कुठवर जातेत. माणसांची नावं इसरतो मी, पानं न्हाई इसरत. खैरात वाटायची तर देवळाफुडं जाऊन वाटा."

दिरांनी मुकाट्याने एक्का टाकला. दश्शी गेली. आजोबा तो डाव हरले, आणि हरल्यावर दवाखान्यानंतर पहिल्यांदाच खो खो हसले. कंडक्टर म्हणाले, "मालक, आमचा काय कसूर? वहिनींचा हुकूम होता."

"ते म्हाईत हाय मला. असलं टाइमटेबल ह्या गावात दुसरं कोण लावतंय?"

मी ट्रे खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "चुकलं माझं."

"चूक गेली खड्ड्यात. चहा गार व्हायलाय, दे."

दुसऱ्या दिवशी चारला पाच मिनिटं कमी असताना ते स्वतःच चपला घालून ओट्यावर गेले. त्या दिवशी हुकूम पुन्हा एकदा विसरले. विचारलं, सांगितलं, खेळ पुढे चालू. दीर त्यांना आता दयामाया दाखवत नाहीत. उलट हरवलं की घरापर्यंत चिडवत येतात.

मी वेळापत्रक काढून टाकलं. टॅबलेट ठेवला, कारण मला तो आवडतो. अठराव्या पायरीवर माझंच नाव घाला. मात्र फुगे फोडून मी फक्त फुगे फोडण्यात हुशार झाले आहे. परवा चष्मा शोधण्यात अर्धी सकाळ गेली आणि तो पिठाच्या डब्यावर होता. डॉक्टरांनाही विचारलं, पत्त्यांनी नावं परत येतील का? ते म्हणाले, सांगता येत नाही, पण माणूस चार लोकांत बसतो ते सोडू नका.

तुम्हालाही खरं तेच सांगते. थोरलीला ते धाकट्याच्या नावाने हाक मारतात, आणि मी दुरुस्त केलं की हसून मान हलवतात. बुधवारी सोमवार म्हणतात. लहानपणी पाठ केलेली पावकी निमकी आता अर्ध्यात तुटते. पण रोज चारला डाव बसतो, चौथी जागा त्यांचीच आहे, आणि कोणतं पान पडलं, कुणी टाकलं आणि कोणतं अजून कुणाच्या हातात आहे, हे त्यांना आठवतं.