उसनी मतं

“तिला सांगू नकोस हं, मी रडलो ते. हसेल ती मला,” बाबा स्वयंपाकघरात आईला हळूच म्हणाले.

मी दाराबाहेरच थबकले. सिनेमावर जीव टाकणाऱ्या माणसांवरचा एक इटालियन चित्रपट आम्ही नुकताच घरी पाहिला होता; तो संपल्यावर बाबा कितीतरी वेळ चष्मा पुसत बसले होते. तेव्हाच मी मोबाइलवरच्या इंग्रजी समीक्षा वाचून दाखवल्या होत्या: गोडमिट्ट, गतकाळाला कुरवाळणारा, मुद्दाम रडवणारा. डोळे तर माझेही भरले होते. पण मी रडण्याआधी जाणकारांची परवानगी घेते. बाबांना अशी परवानगी कधी लागली नव्हती; आज माझ्यामुळे लागली. शरमेनं कान तापले.

आत जाऊन कसंबसं म्हणाले, “बाबा, मलाही रडू आलं होतं.”