शंकरतात्यांची रविवारची वही

शंकरतात्यांनी पहिल्याच भेटीत मला कमरेचा पट्टा काढायला लावला.

"पट्टा काडा, पाव्हणं. घड्याळ बी. आन् बोटातली ती अंगठी."

मी पुण्यात दुर्मीळ, महागड्या, वापरलेल्या गाड्यांचे सौदे जुळवून देतो. भल्याभल्या श्रीमंतांच्या गाड्या उघडून पाहिल्यात. आणि इथे पानशेतला, धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका बंगल्याच्या शेडपुढे, पांढरा पायजमा आणि गांधी टोपीतला एक म्हातारा मला दाराबाहेर थांबवून झडती घेतल्यासारखं करत होता. माझं डोकंच फिरलं. "अहो, गाडी बघायला आलोय, आंघोळीला नाही," मी म्हणालो. तात्या जागचे हलले नाहीत. "वाकून बगताना बकल घासतं. रंग गेला की गेला. तुमी जाल पुन्याला, हितं म्या हाय." शेवटी एका हाताने पँट सावरत मी ती गाडी पाहिली. पाहिली आणि पँटचं भान राहिलं नाही, हेही कबूल करतो.

इटलीची गाडी. जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, आणि रंग असा फिका पिवळा की कारखान्याने तो फार थोड्या गाड्यांना दिला होता. बंगल्याच्या मालकांनी, म्हणजे तात्यांच्या भाषेत 'मोठ्या साहेबांनी', ती हौसेने नवी घेतली, मोजक्या वेळा चालवली आणि एके दिवशी हृदयविकाराने गेले. मागे राहिल्या त्यांच्या पत्नी, आम्ही सगळे त्यांना बाई म्हणायचो, आणि बंगल्यामागच्या दोन खोल्यांत तात्या आणि पारूकाकू.

तात्या मूळचे वेल्ह्याकडचे. अठ्ठावीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झालेले. त्यांच्या लेखी एसटी आणि ही इटलीची राणी यांत फरक एकच होता, हिला कंडक्टर नव्हता. दर रविवारी सकाळी सातला ते चारही टायरवर बुक्की मारून आवाज ऐकायचे, स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावायचे आणि गाडी सुरू करायचे. मग बंगल्याच्या लांबलचक सिमेंटच्या रस्त्यावर बारा वेळा मागे-पुढे. वळणावर हॉर्न. समोर कुत्रंसुद्धा नसलं तरी हॉर्न.

"नुसती घुरघुर करून काय उपेग?" ते मला समजावायचे. "इंजिनाच्या गरमीचा काटा मधी यायला पायजे. न्हाईतर धुराड्यात पानी साचतंय. आन् एका जागी उबी ऱ्हायली की टायर बसत्यात. गाडी पळून मरत न्हाई, पाव्हणं. उबी ऱ्हाऊन मरती."

मी इतकी वर्षं या धंद्यात, पण माझ्या एसी ऑफिसातल्या पोरांना हे एवढं नीट सांगता येत नाही.

आणि मग ती वही. शाळेची, दोनशे पानी. एसटीत रोजची नोंद लिहायची सवय हाताला लागलेली, त्यामुळे इथेही दर रविवारची नोंद. 'हवा चारी चाकांत बरोबर. मीटर इतका. काटा मधी आला. इंजिनापाशी पाल होती, हाकलली.' एकही रविवार सुटलेला नव्हता. ज्या रविवारी मोठे साहेब गेले त्या दिवशीसुद्धा नोंद होती: 'आज गाडी सुरू केली न्हाई. साहेब गेले.'

वाचकहो, अशा गाडीची किंमत नुसत्या नावावर ठरत नाही. तिचं आजवरचं आयुष्य कसं गेलं यावर ठरते. किती पळाली, किती हातांतून गेली, कुठे ठोकली का, रंग कारखान्यातलाच आहे का, दुसरी किल्ली, पुस्तकं, हत्यारांची पिशवी जागेवर आहे का. आणि यातलं सगळं खरं आहे हे दाखवणारा कागद आहे का. इतकी कमी पळालेली गाडी दिसली की गिऱ्हाइकाला आधी वाटतं, मीटर मागे फिरवलाय. तात्यांच्या वहीत मीटरचा आकडा दर आठवड्याला होता. मला तर ती वही डोक्यावर घेऊन नाचावंसं वाटलं.

मोठ्या साहेबांनी मधे हौसेखातर मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवला होता. मूळचा कुठे गेला, म्हणून मी कपाळाला हात लावून बसलो, कारण मूळ भाग नसला की भाव घसरतो. तात्या उठले, खोलीत गेले आणि खाटेखालून गोधडीत गुंडाळलेला सायलेन्सर ओढून आणला. पारूकाकू म्हणाल्या, "दोन वर्सं झाली, माजी चांगली गोदडी ह्या लोखंडाला. मला थंडी वाजली तरी दिली न्हाई." तात्या हसलेही नाहीत. "लोखंडाला गंज चडतो. तुला कुठं चडतो?"

बाईंनी मला बोलावलं होतं ते एवढ्यासाठी. मुलं परदेशात. त्यांचा हट्ट, आई, बंगला विक आणि आमच्याकडे ये. बाईंना पानशेत सोडायचं नव्हतं. शेवटी मायलेकरांत ठरलं की गाडीला चांगला भाव आला तर त्या पैशात बंगला चालेल, नाहीतर दोन्ही विकायचं. "भाव आला तर मी आणि तात्या-पारू इथेच," बाई म्हणाल्या. "नाही आला तर त्या दोघांनी या वयात जायचं कुठे?"

हे सगळं ठरलं, कोइमतूरचं एक चांगलं गिऱ्हाईक मिळालं आणि मधे दसरा आला.

तात्यांनी आयुष्यभर दसऱ्याला गाडीची पूजा केलेली. या गाडीच्या बाबतीत त्यांनी जिवापाड काळजी घेतली. नारळ लांब अंगणात फोडला. झेंडूची माळ तारेऐवजी दोऱ्यात ओवली, तार ओरखडा काढते म्हणून. आणि मग बॉनेटवर तेलात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं. पूजेचं कुंकू पुसायचं नसतं, ते आपसूक जाऊ द्यायचं, ही त्यांची रीत. एसटीच्या पत्र्यावरून ते पावसाने, धुळीने जायचं. शेडमधे ना पाऊस, ना धूळ. दुपारचं ऊन मात्र खिडकीतून नेमकं तिथेच यायचं. पंधरा दिवसांनी मी गेलो तेव्हा फिक्या पिवळ्या बॉनेटवर तळहाताएवढं गुलाबी स्वस्तिक रंगात उतरलं होतं.

मी काय काय बोललो ते लिहायची लाज वाटते. तात्या भिंतीला टेकून खाली मान घालून उभे. "म्या खाल्लं बाईसायबांचं घर," एवढंच म्हणाले. पारूकाकूंनी सांगितलं, डाग दिसल्यापासून चार दिवस माणूस नीट जेवलेला नव्हता.

डोकं थंड झाल्यावर मी हिशेबाने विचार केला. बॉनेट नव्याने रंगवलं तर रंगाची जाडी मोजणारं यंत्र लगेच सांगणार, आणि गिऱ्हाईक म्हणणार गाडी ठोकलेली आहे. डाग ठेवला तर निदान रंग मूळचा. डागाचं काहीतरी सांगू, साहेबांनी गाडी नवी आणली तेव्हाच्या पूजेतला आहे, असलं काही. अडचण एकच, वहीत तात्यांनी लिहून ठेवलं होतं: 'दसऱ्याला म्या कुंकू लावलं ते पुसलं न्हाई. डाग पडला. चूक माजी.'

"तात्या, एवढं पान फाडू या," मी म्हणालो.

त्यांनी वही छातीशी धरली. "एक पान फाडलं की बाकीच्या पानांवर कोन इस्वास ठेवंल, पाव्हणं?"

"तात्या, तुमच्या राहत्या खोल्या जातील!"

"जातील की. म्हनून काय खोटं चालवू?"

गिऱ्हाईक आलं. साठीचे शांत गृहस्थ, इंग्रजी बोलणारे, सोबत यंत्रवाला माणूस. दाराशी तात्यांनी त्यांनाही खुणेने पट्टा काढायला लावला आणि मी डोळे मिटून घेतले. त्यांनी निमूट काढला. मग मी काही बोलायच्या आत तात्या थेट बॉनेटपाशी गेले. "सायेब, आदी डाग बगा, मंग गाडी. ह्यो माज्या हातनं पडलाय." आणि माझ्याकडे वळून, "सांगा त्यांना."

मी इंग्रजीत सुरू झालो. जुनी परंपरा, हवामान, डाग किती किरकोळ, असं बरंच. तात्यांना इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. पण त्यांनी हात वर केला. "म्या दोन वाक्यं बोललो. तुमचं लांबत चाललंय. जेवढं म्या बोललो तेवढंच सांगा."

मग मी तेवढंच सांगितलं. वही वाचून दाखवली, ते पानही. यंत्र सगळीकडे फिरलं, रंग मूळचा निघाला. गृहस्थांनी वही हातात घेऊन पानं चाळली. म्हणाले, "मीटरची मला शंका होती. पण स्वतःची चूक लिहिणारा माणूस मीटरचा आकडा खोटा लिहिणार नाही." डागासाठी त्यांनी थोडी रक्कम कमी केली, ठरलेल्या भावातली बाकीची सगळी दिली. वही मात्र गाडीबरोबर मागून घेतली. बंगला राहिला. बाई तात्यांसमोर रडल्या, आणि तात्या रडू लपवायला चहा सांगायला पळाले.

गाडी न्यायला ट्रक आला तेव्हा तात्यांनी चारही टायरवर बुक्की मारली. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाव्हणं, एक करा. दर रव्वारी त्यांना फोन करून इचारा, सुरू केली का. आन् मला सांगा."

मी हो म्हणालो. पहिले काही महिने तात्यांचा फोन आला की मी खरंच कोइमतूरला विचारून मग त्यांना उलट फोन करायचो. मग कंटाळा आला. त्या गृहस्थांना दर रविवारी काय विचारायचं? मग तात्यांचा फोन आला की मी म्हणायचो, "हो तात्या, केली सुरू." "काटा मधी आला व्हता का?" "आला होता." "लई बरं झालं," म्हणून ते फोन ठेवायचे. त्यांच्या समाधानाचं मलाच बरं वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात तात्या झोपेतच गेले. दहाव्याला गेलो तेव्हा पारूकाकूंनी एक वही हातात दिली. नवी, दोनशे पानी. गाडी गेल्यानंतरच्या रविवारपासून सुरू झालेली. 'गाडी हितं न्हाई. शेड झाडली. पाव्हण्यांनी इचारून सांगतो म्हनून फोन ठेवला. मागनं त्यांचा फोन आला. सुरू केली.' असे कितीतरी रविवार. मी पानं उलटत गेलो आणि एका पानाशी हात थांबला.

'शेड झाडली. पाव्हणं लगेच व्हय म्हनाले. इचारलं नसावं.'

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. शेवटच्या नोंदीपर्यंत तेच. आणि तरी दर रविवारी त्यांनी मला फोन केला होता, काटा विचारला होता, लई बरं झालं म्हटलं होतं. मला त्यांनी एका शब्दानेही बोलून दाखवलं नाही. वहीशी मात्र ते खोटं बोलले नाहीत. मी त्या अंगणात लहान पोरासारखा रडलो.

आता दर रविवारी सातला मी कोइमतूरला फोन करतो. ते गृहस्थही आता सवयीने गाडीपाशीच उभे असतात. तो डाग त्यांनी अजून घालवलेला नाही. ते गाडी सुरू करतात, काटा मधे येईपर्यंत आम्ही दोघं फोन धरून थांबतो, आणि मग मी तात्यांच्या वहीत, त्यांच्या शेवटच्या नोंदीच्या खाली, लिहितो: 'विचारलं. सुरू केली.'