सगळीच बाळं अडीच किलोची

आरोग्य केंद्रातल्या मोठ्या सिस्टरांनी एकवीस वर्षांत इतकी बाळं वजनाला टांगली होती, की त्या म्हणत, "रस्त्यानं मिरवणाऱ्या निम्म्या तरण्यांना मी कपड्यांशिवाय पाहिलंय!" हात मऊ आणि जीभ तिखट. पण त्यांच्या रजिस्टरात जवळजवळ प्रत्येक दुसरं बाळ बरोब्बर अडीच किलोचं असायचं.

बाळ रडायला लागलं की स्प्रिंगच्या काट्याची सुई सव्वादोन आणि अडीचच्या मध्ये नाचायची. अडीचच्या खाली लिहिलं तर वेगळा फॉर्म, वरून "तुमच्याकडेच एवढी हडकुळी बाळं कशी?" असं पत्र आणि घरी सुनेला टोमणे. त्यापेक्षा अडीच लिहून त्या मोकळ्या होत.

मग एक संशोधक डॉक्टरीणबाई ग्रॅमपर्यंत आकडे दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन आल्या. वर्षभर प्रत्येक बाळ ग्रॅममध्ये मोजलं, तर चारातलं एक अडीच किलोपेक्षा कमी भरलं. अशा घरी सिस्टर पहिल्या महिन्यात चार जादा फेऱ्या मारत आणि बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब द्यायला आईला शिकवत. ज्या केंद्रात फेऱ्या नव्हत्या, तिथल्यापेक्षा इथं निम्मीच बाळं दगावली.

आता अभ्यास संपला होता. फेऱ्या सरकारी नियमात आल्या नाहीत, तर महिनाअखेर बंद.

मुख्य कार्यालयातल्या बैठकीत डॉक्टरीणबाईंनी तक्ते मांडले. साहेब म्हणाले, "काम उत्तम आहे, बाई. पण आमच्या नोंदींप्रमाणे कमी वजनाची बाळं शंभरात चारच. तेवढ्यासाठी सगळी केंद्रं कामाला जुंपू?"

मागच्या रांगेत सिस्टर बसल्या होत्या. पुढच्या वर्षी बढती होती. तरी त्या उठल्या.

"साहेब, ते चार खोटे आहेत."

"कोण म्हणतं?"

"मी. आमच्या केंद्राचे आकडे मीच लिहिलेत."

शेजारच्या केंद्रातल्या सिस्टरनं त्यांचा हात ओढला. "खाली बस गं! वेड लागलंय का?"

"बसते. पण आधी खरं सांग, तुझी सुई तरी कधी थांबली होती?"

कुणीतरी फिसकन हसलं. मग एक हात वर झाला. मागोमाग आणखी तीन.

साहेबांचा चेहरा उतरला. "हे लेखी द्याल?"

"कागद द्या."

त्यांनी उभ्याउभ्याच लिहिलं: 'अडीच किलोच्या माझ्या नोंदी अंदाजाच्या आहेत. त्यांच्या भरवशावर फेऱ्या नाकारू नयेत.' खाली ठसठशीत सही.

घरी नवऱ्यानं कपाळाला हात लावला. "स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलास?"

"घेतला. तुम्ही भाजी चिरा."

आधी आली ती खुलाशाची नोटीस. बढती अडली ती अडलीच. फेऱ्यांचा आदेश यायला मात्र सात आठवडे लागले, आणि त्या सातही आठवडे सिस्टरांनी कुणाला न विचारता, ड्युटी संपल्यावर, पायी फेऱ्या केल्या. शेवटी पत्र आलं: सर्व केंद्रांत वजन ग्रॅममध्ये, कमी भरलेल्या बाळाच्या घरी चार फेऱ्या.

सिस्टरांनी ते दोनदा वाचलं, भिंतीवर चिकटवलं आणि पिशवी उचलली.

"आज तरी जेवून निघा," शिपाई म्हणाला.

"जेवण काय पळून जातंय? कालचं बाळ एकोणीसशे ग्रॅमचं आहे," म्हणत त्या पायऱ्या उतरल्या.