लढाई सरली कुठं?

"मूठ काढली का वं?"

सकाळी कुणी भेटलं की आपण काय विचारतो? चहा झाला का, जेवण झालं का. आमच्या गल्लीतल्या काकू मात्र मुठीचं विचारायच्या. उजव्या हाताची मूठ घट्ट मिटून माझ्या नाकासमोर धरायच्या, आणि मी "हो" म्हणेपर्यंत ती खाली यायची नाही.

नाचणगावात आम्ही बिऱ्हाड केलं तेव्हा मी नुकतीच शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते. माझा स्वभाव मुळात संशयी. दूधवाला जरा गोड बोलला की मी आधी दुधात बोट घालून पाहते. तेव्हा समोरच्या खोलीत एकटी राहणारी, कपाळभर कुंकू लावणारी आणि नवऱ्याचा पत्ता नसलेली ही बाई मला पहिल्या दिवसापासून खटकली. गल्लीतही कुजबुज होतीच. कुणी म्हणे, नवऱ्यानं टाकलेली आहे. कुणी म्हणे, घरात पत्र्याची कोठी आहे, ती गळ्यापर्यंत भरलेली आहे, आणि बाई मात्र जुन्या, सोंडे लागलेल्या ज्वारीची भाकर खाते. असं कोण करतं? तुम्हीच सांगा, तुम्हाला संशय आला नसता?

काकूंचा माझ्यावर त्याहून जास्त संशय. त्यांच्या लेखी मी उधळी. आमच्याकडे गॅस आला त्या दिवशी दारात उभ्या राहून त्या निळ्या जाळाकडे बघत राहिल्या.

"जाळ दिसून राह्यला, लाकूड कुठं हाये?"

मग रबरी नळी बोटानं दाबून पाहिली. कुकरची शिट्टी झाली तशा मागं सरकल्या. "एवढा कायले बोंबलते? भातच त शिजवून राह्यला!" जाता जाता साखरेच्या डब्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "काऊन एवढी?" पुढं हा 'कशाला एवढं'चा प्रश्न मी तेलाबद्दल, डाळीबद्दल, एवढंच काय माझ्या डोक्यातल्या फुलांबद्दलही ऐकला.

पुढं एका हिवाळ्यात सगळंच एकदम गायब झालं. गोडं तेल मिळेना, साखरेला रांग, रॉकेलला रांग, आणि सिलिंडर तर नंबर लावून बसलं तरी येईना. मी वैतागून कपाळाला हात लावून बसले होते, तेवढ्यात काकू पदर खोचून आल्या.

"मोठ्या लढाईत मी घर चालवलं. तू त शिकलेली हायेस. तुले काऊन जमत नाई?"

राग आला. पण म्हटलं, बघूया तरी, ही बाई काय दिवे लावते.

आणि आमच्या घरात लढाईचा स्वयंपाक सुरू झाला. पोळीच्या कणकेत ज्वारीचं पीठ, चहा गुळाचा. फुलकोबीचे देठ फेकायचे नाहीत, मुळ्याचा पाला फेकायचा नाही, वाटाण्याच्या सालांचीसुद्धा चटणी. भाताची पेज वरणात. भाताला एक उकळी आली की गॅस बंद, आणि भांडं थेट कुटारानं, म्हणजे भुशानं, भरलेल्या खोक्यात, वरून गोधडी. तासाभरानं भात मोकळा शिजलेला असायचा, हे मला कबूल करावंच लागेल. कधीमधी त्यात कुटाराची काडी निघायची ती गोष्ट वेगळी.

एकदा यांनी वाटी हलवून विचारलं, "काकू, यात डाळ कुठं आहे?"

"तळाशी हाये. खाल्लं की भेटते."

आणि सगळ्यात वर ती मूठ. घरात जेवढी माणसं तेवढं माप घ्यायचं, आणि भांड्यात घालायच्या आधी त्यातली एक मूठ काढून कोपऱ्यातल्या गाडग्यात टाकायची. मी विचारलं, ही कुणाची?

"येणाऱ्याची."

कोण येणार आहे? काकूंनी गाडग्यावर झाकण ठेवलं आणि निघून गेल्या. माझा संशय चांगला वाढला.

त्यात मला दिवस गेले आणि वडनेरहून सासूबाई आल्या. दुसऱ्याच सकाळी दारात काकू. मूठ मिटलेली. "सुनेनं मूठ काढली का?"

झालं! सासूबाईंच्या गावाकडे मूठ म्हणजे एकच. मंतरलेले उडीद मुठीत धरून कुणाच्या घरावर मारायचे आणि त्या घराचं वाटोळं करायचं. त्यांनी तडक स्वयंपाकघरात जाऊन कोपरा पाहिला, गाडगं पाहिलं आणि किंचाळल्या.

"माय वं! पोटुशी सून हाये घरात, अन् हे बाई मूठ मांडून राह्यली!"

गल्ली गोळा झाली. सगळ्यांना बरंच झालं. इतकी वर्षं जे कुजबुजत होते ते मोठ्यानं बोलायला मिळालं. काकूंच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण मूठ तशीच मिटलेली.

"खरं सांग," सासूबाई म्हणाल्या, "कोणासाठी काढते मूठ?"

"आमच्या मालकासाठी."

"कुठं हायेत ते?"

"लढाईवर गेलते. ब्रह्मदेशात. जाताना म्हणे, मी कधी बी येईन, घरात मूठभर दाणा ठेवजो."

"अवो बाई, ते लढाई त कधीचीच सरली!"

"सरली कुठं?" काकू एकदम ओरडल्या. "आमचे आले कुठं?"

मी शाळेत पोरांना ती लढाई कधी संपली ते शिकवत होते.

सासूबाई पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "माहा भाऊ बी गेलता तिकडंच. नाई आला. पळसाच्या पानाचा पुतळा करून जाळला आम्ही. तेरवी केली. रडलो त तरी. तुम्ही काऊन नाई केली, बाई?"

काकू घरात गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी मूठ विचारायला आल्या नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. मला धसकाच बसला. ह्या बाईनं जिवाचं काही करून घेतलं तर? मी यांना दोनदा खिडकीतून बघायला पाठवलं. आतून दाणे पाखडल्याचा आवाज येतो म्हणाले.

मग काकू बाहेर आल्या. माझ्याकडे पाहिलं नाही, सरळ सासूबाईंसमोर उभ्या राहिल्या.

"नदीवर येता का माह्यासंगं?"

दोघी गेल्या. सोबत काकूंचा एक चुलत पुतण्या होता. वर्धेच्या काठावर त्याच्या हातून पुतळ्याला अग्नी दिला. तिथं काय बोलणं झालं ते सासूबाईंनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

तेरवीला काकूंनी मुठीमुठीनं भरलेली ती कोठी रिकामी केली. गल्लीचा संशय तरी कुठं जातो? इतक्या वर्षांनी कसली तेरवी, धान्य खाण्यासारखं आहे की नाही, असं म्हणत म्हणत सगळे आले आणि पोट भरून जेवले. वडे, कढी, भाजी, पोळ्या, भाताचे डोंगर. काकू पंगतीतून फिरत होत्या. "घे. अजून घे वं. लाजू नको."

काकू त्यानंतर फार वर्षं राहिल्या नाहीत. मी दुसऱ्या गावी बदलून गेले होते, त्या गेल्याचं उशिरा कळलं. खूप रडले मी. पण त्यांचं नाव निघालं की मला दिसते ती त्या दिवशीची शेवटची पंगत. सगळे उठून गेल्यावर त्या एकट्या पाटावर बसल्या होत्या आणि सासूबाई वाढत होत्या. काकूंनी भात संपवला, परत मागितला. तो संपवला, परत मागितला. मला राहवेना. या वयात एवढं खाऊन बाई आजारी पडेल. मी जाऊन त्यांचा हात धरला.

"काकू, पुरे आता. पोट दुखेल."

त्यांनी घास गिळला आणि माझ्याकडे पाहिलं.

"एकटीचं माप केवढं असते वं? त्यातलीच मूठ काढत होती मी रोज. लय वर्षांची भूक हाये मले."

सासूबाईंनी माझा हात बाजूला केला आणि त्यांच्या ताटात भात वाढला.